संकटकाका गैरहजर असताना

“उद्यापासून आठवडाभर तुम्ही नाही आहात,” कारखान्याच्या मालकीण मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी चहाचा कप संकटकाकांपुढे सरकवला.

काकांना ठसका लागला. चहाचा घोट अजून घ्यायचाच होता, तरी लागला. कारण हे वाक्य त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्यांनी स्वतः ते रचलं होतं आणि कारखान्यातल्या एकेका महत्त्वाच्या माणसाला असाच चहा पाजून, अशाच गोड आवाजात ऐकवलं होतं.

कारखाना बाटल्यांची झाकणं बनवायचा. ज्यूसवाले, औषधवाले, तेलवाले, सगळे त्याच्याच झाकणांवर अवलंबून. कारखान्यावर आग, पूर, संप, काहीही कोसळलं तरी काम थांबू नये आणि त्या गोंधळात बाहेरच्यांना काय सांगायचं ते आधीच ठरलेलं असावं, या कामासाठी एक वेगळा विभाग होता. काका त्या विभागाचे प्रमुख. जिन्यावर केळीचं साल दिसलं तरी त्यांना त्यात घातपात दिसे, म्हणून लोक त्यांना संकटकाका म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागले. काकांनी त्यातही कुणाचा तरी हात आहे असं मनात धरलं होतं.

काकांचा एक लाडका सिद्धांत होता. कंपनीत कुणीही असा नसावा की ज्याच्यावाचून अडेल. तो सिद्धांत तपासायला त्यांनी ‘नसण्याची चाचणी’ काढली होती. महत्त्वाच्या माणसाला अचानक आठवडाभर घरी पाठवायचं. त्याचं ओळखपत्र बंद, ऑफिसचा फोन जमा, आणि तो माणूस जगातच नाही असं समजून बाकीच्यांनी काम चालवायचं. काम चाललं तर कंपनी सुरक्षित. नाही चाललं तर तो माणूस कंपनीला धोका, आणि त्याचे अधिकार चार जणांत वाटून टाकायचे. या चाचणीत अकाउंटंट रडत घरी गेला होता, आणि मोल्डिंगचा फोरमन आठवडाभर बायकोशी भांडून वजन घटवून परत आला होता.

“पण बाई, माझी कशी चाचणी होईल? चाचणी तर मी घेतो.”

“म्हणूनच. तुम्ही नसलात तर चाचण्या कोण घेणार, हे नको का बघायला?”

तर्क काकांचाच होता, फक्त आज तो समोरच्या खुर्चीत बसला होता.

“कल्पना कुणाची ही?” त्यांनी डोळे बारीक करून विचारलं.

“तुमच्या सहायिकेची. हुशार आहे हो पोरगी. आणि हो, या आठवड्याच्या निकालावर तुमच्या पदाचंही बघायचंय. पुढच्या सोमवारी बोलू.”

काकांच्या मनात पाल चुकचुकली. एक नव्हे, पालींचं अख्खं कुटुंब चुकचुकलं.

घरी आल्यावर काकूंना बातमी सांगितली. काकू चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या, त्यामुळे समोरचा माणूस किती लांबचं बघतो हे त्यांना चटकन कळे.

“आठवडाभर घरी आहात तर पंखे तरी पुसून घ्या,” त्या म्हणाल्या.

“तुला हे आधीच माहीत होतं का?”

“मला? मला माहीत असतं तर मी माहेरी नसते का गेले?”

रात्री काकांना झोप येईना. माझ्यावाचून सगळं नीट चाललं, तर मी नकोसा. नीट चाललं नाही, तर मी धोका. आपणच खोदलेल्या खड्ड्यात आपणच इतके व्यवस्थित बसू, असं त्यांना वाटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना नोकरीपेक्षाही एका गोष्टीची भीती वाटत होती. इतक्या वर्षांनंतर आपली कुणाला आठवणसुद्धा येणार नाही, ही ती भीती. ती मात्र त्यांनी काकूंना सांगितली नाही.

सकाळी काकू दुकानात गेल्या आणि काका तडक कारखान्याच्या फाटकावर पोहोचले.

“कोण पाहिजे?” वॉचमनने विचारलं.

“अरे, मी आहे. माझा डबा राहिलाय आत.”

“साहेब, तुम्ही या आठवड्यात नाही आहात. नसलेल्या माणसाचा डबा मी कसा देणार?”

“ओळखतोस ना मला?”

“ओळखतो म्हणून तर सोडत नाही. तुम्हीच शिकवलंय.”

काकांना त्याचा अभिमान वाटला आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली. घरी येऊन त्यांनी जुन्या फोनवरून ऑफिसचा नंबर लावला. सहायिकेने उचलला.

“अगं, मी बोलतोय. कसं चाललंय?”

“नमस्कार. आपण ज्यांच्याविषयी विचारत आहात ती व्यक्ती सध्या उपलब्ध नाही.”

“मी व्यक्तीविषयी विचारत नाहीये! मीच ती व्यक्ती आहे!”

“आपली भावना आम्ही समजू शकतो.”

“बरं बाई, मी नाही. पण तिथे सगळं ठीक आहे ना, एवढं तरी सांग.”

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग शांत, संथ आवाज आला, “सध्या उपलब्ध असलेल्या माहितीनुसार आमचं सर्व कामकाज सुरळीत सुरू आहे.”

हे वाक्य काकांनी आगीसाठी लिहिलं होतं! छप्पर उडालेलं असताना, पाणी कमरेपर्यंत आलेलं असताना बाहेरच्यांना सांगायचं ते हे वाक्य. त्यातला ‘सुरळीत’ हा शब्द निवडायला त्यांनी अख्खी दुपार घालवली होती. त्याआधी क्षणभर थांबून श्वास घ्यायचा, हेही त्यांनीच शिकवलं होतं. सगळं खरंच ठीक असलं की कुणी असं बोलतं का? ठीक असलेला माणूस सरळ म्हणतो, हो, ठीक आहे, तुमचं काय?

म्हणजे काहीतरी भयंकर घडलं होतं. आणि ते काकांपासून लपवलं जात होतं.

आता नाव सांगून काही कळणार नाही, हे उघड होतं. शेजारच्या फोटो स्टुडिओतून काकांनी नाकावर रुमाल धरून फोन केला. “मी ज्यूस कंपनीतून बोलतोय. तुमच्याकडे काही गडबड झालीय, असं आमच्या कानावर आलंय.” उत्तर तेच. सर्व कामकाज सुरळीत. मग सलूनमधून ते पत्रकार झाले. “कारखान्यातल्या घटनेबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?” घटना कोणती ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण पत्रकारांना ते माहीत असावं लागत नाही, असं त्यांचं मत होतं. पुन्हा सुरळीत. शेवटी काकूंच्या दुकानातून, गिऱ्हाइकांचा डोळा चुकवून, त्यांनी रडवेल्या आवाजात विचारलं, “मी फोरमनचा मेहुणा. आमचे दाजी बरे आहेत ना हो?”

या वेळी पलीकडची शांतता जरा जास्तच लांबली. “सध्या उपलब्ध असलेल्या माहितीनुसार...” काकांनी पुढचं ऐकलंच नाही. दाजी गेलेच, अशी त्यांची खात्री पटली. त्यांनी शोकेसमधली एक दुर्बीण उसनी घेतली. काकूंना सांगितलं नाही, कारण काकू ‘का’ म्हणाल्या असत्या.

फाटकासमोरच्या बस थांब्यावर काका टोपी कपाळावर ओढून आणि तोंडाला मफलर गुंडाळून उभे राहिले. दुर्बिणीतून बैठकीच्या खोलीची खिडकी स्वच्छ दिसत होती. माणसं लगबगीने आत शिरत होती. फोरमनही होता, आणि धडधाकट होता. पण काकांनी सुटकेचा श्वास सोडायच्या आत कुणीतरी पडदे ओढून घेतले.

पडदे! संकटात मोजक्या माणसांनी एकत्र बसून निर्णय घ्यायचा संकटकक्ष सुरू केल्याची ती पहिली खूण होती. एकाच विषयावर बाहेरून तीन चौकशा आल्या की पडदे ओढायचे आणि कक्ष सुरू करायचा, हा काकांचाच नियम. म्हणजे बाहेरच्यांनाही कुणकुण लागली होती. “तरी मी म्हणत होतो,” काका मफलरात पुटपुटले. आपण काय म्हणत होतो हे मात्र त्यांना आठवेना.

तेवढ्यात वॉचमन फाटकाबाहेर आला. फोन कानाला लावून तो बस थांब्याकडे बोट दाखवत होता. काका चमकले. थांब्यावर कुणीतरी पाळत ठेवून आहे, असा त्याचा अर्थ होता. त्यांनी झटकन मागे वळून पाहिलं, डावीकडे पाहिलं, बाकाखाली वाकून पाहिलं. थांब्यावर त्यांच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.

“निसटला हरामखोर,” काका म्हणाले.

मुख्य जागेवर पाळत असेल तर संकटकक्षाने पर्यायी जागी हलायचं, हा पुढचा नियम. ती जागा म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकाला ड्रायव्हिंग स्कूलच्या डोक्यावरची एक खोली. तिचा पत्ता मोजक्याच लोकांना ठाऊक. चाचणीआधी काकांनी तिची किल्ली जमा केली होती, पण एक जास्तीची किल्ली घरी ठेवली होती, कारण त्यांचा किल्ली जमा करून घेणाऱ्यावर विश्वास नव्हता. आपण आधी जाऊन बसायचं, आणि मंडळी तिथे आली तर संकट खरंच आहे हे सिद्ध होणार, असा त्यांनी हिशेब केला.

ते खोलीत जाऊन बसले. थोड्याच वेळात जिन्यावर पावलं वाजली. आता बाकी सगळं सिद्ध झालं होतं, फक्त आपण इथे काय करतोय, हे कुणी विचारलं तर काय सांगायचं, याची योजना काकांकडे नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे योजना नव्हती. ते धावत संडासात शिरले आणि त्यांनी आतून कडी लावली.

बाहेर खुर्च्या सरकल्या. कुणीतरी मोठ्या बाईंचा फोन स्पीकरवर लावला.

“हं, बोला. नेमकं झालंय काय?” बाईंचा आवाज आला.

“तेच शोधतोय बाई,” सहायिका म्हणाली. “बाहेर काहीतरी अफवा आहे. तीन फोन आले. म्हणून नियमाप्रमाणे सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवला की आमचं सर्व कामकाज सुरळीत सुरू आहे.”

“मग?”

“आणि तेव्हापासून फोन थांबेनात!” हा अकाउंटंट होता. “ज्यूसवाले म्हणतात, सुरळीत आहे तर सांगताय कशाला? औषधवाल्यांना वाटतंय कारखाना बंद पडतोय. तेलवाल्यांनी तर घाबरून वर्षभराची झाकणं आत्ताच मागितलीत.”

“वर्षभराची? एकदम?” बाईंच्या आवाजात काळजी कमी आणि गोडवा जास्त होता.

“पण झालंय काय?” फोरमन वैतागून म्हणाला. “सकाळपासून सगळे विचारतायत. मला तर मशीन बरोबर चाललेलीच दिसतायत.”

“तीन फोन कुणाकुणाचे होते?” बाईंनी विचारलं.

“एक सर्दी झालेला ज्यूसवाला. त्यांच्याकडे चौकशी केली, असा माणूस तिथे नाही. एक पत्रकार, त्याने पेपरचं नाव सांगितलं नाही. आणि एक फोरमनसाहेबांचे मेहुणे.”

“माझा मेहुणा?” फोरमनच्या आवाजाला धार आली. “माझी बायको एकुलती एक आहे!”

संडासात काका बोटांवर मोजायला लागले. सर्दी झालेला ज्यूसवाला, पत्रकार, मेहुणा. थांब्यावरचा तो मफलरवाला, जो निसटला होता. कारखान्यावर ना आग आली होती, ना पूर. कारखान्यावर काका आले होते. त्यांना इतकी लाज वाटली की कमोडवर बसून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. इतकी वर्षं झोप घालवून त्यांनी ज्या संकटाची वाट पाहिली होती, ते शेवटी त्यांच्याच चपला घालून आलं होतं.

दारावर टकटक झाली.

“कोण आहे आत?” सहायिकेने विचारलं.

माणूस भांबावला की सवयीचं बोलतो. काकांच्या तोंडून निघून गेलं, “याबाबत सध्या काही सांगता येणार नाही.”

मग सहायिका मोठ्याने म्हणाली, “आतली कडी बिघडलीय. ज्यांना जायचंय त्यांनी खाली ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जा.” आणि अगदी हळू, दाराच्या फटीतून, “सर, तुम्ही आहात ना?”

“या आठवड्यात नाही,” काका कुजबुजले.

मंडळी पांगल्यावर तिने दार वाजवलं. काका मफलर हातात घेऊन बाहेर आले, परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखे.

“मेहुणेही तुम्हीच?”

“हो.”

“आवाज छान काढला होता. मला वाईट वाटलं त्यांच्यासाठी.”

“बाईंना सांगणार तू?” काकांनी विचारलं. मग जुनी खोड उफाळून आली. “सांगशीलच म्हणा. तुला माझी खुर्ची हवी आहे. म्हणूनच ही चाचणी सुचवलीस.”

“सर, तुमच्या खुर्चीचं एक चाक निघालेलं आहे. ती मला नकोय.” ती टेबलाच्या कडेला टेकली. “मी चाचणी सुचवली, कारण तुम्ही इतक्या वर्षांत एकदाही रजा घेतली नाहीत. वाटलं, झोपाल जरा आठवडाभर.”

अशा शक्यतेवर काकांनी कधी संशयच घेतला नव्हता.

“आणि सांगून माझं काय भलं होणार?” ती म्हणाली. “आत्ता मी एक संकट निभावलंय. खरं कळलं की मी माझ्या साहेबांचे फोन निभावले, एवढंच उरेल. लोक हसतील. तेव्हा मला माणूस सापडलेला नाही. आणि तुम्ही कृपा करून घरी जाऊन पंखे वगैरे पुसा.”

“पंख्यांचं तुला कुणी सांगितलं?”

“सर!”

उरलेला आठवडा काकांनी खरोखर पंखे पुसले. दुर्बीण गुपचूप शोकेसमध्ये परत गेली. प्रत्येक फोनच्या आवाजाला मात्र त्यांची पाचावर धारण बसे.

सोमवारी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये सहायिका आधीच येऊन बसली होती. काका खुर्चीच्या अगदी टोकावर टेकले.

“अभिनंदन,” बाई म्हणाल्या. “तुमची चाचणी फारच उत्तम झाली. तुम्ही नव्हतात, नेमकं तेव्हाच संकट आलं, आणि या मुलीने ते निभावलं. वर गोदामात होती नव्हती तेवढी सगळी झाकणं उचलली गेली. तेव्हा तुमचं पद...”

“तुमचं काही अडत नाही माझ्यावाचून,” काका म्हणाले.

“नाही अडत. मी ते पद बंदच करणार होते,” बाई म्हणाल्या. “पण एक प्रश्न राहतोच. तो माणूस कोण?”

“कुठला माणूस?”

“ज्याने फोन केले तो. आवाज बदलतो, दुर्बीण बाळगतो, नातेवाईक बनतो! आणि सांगते ऐका, तो आपल्या पर्यायी जागेपर्यंत पोहोचला होता, असा मला दाट संशय आहे. त्या संडासाची कडी मी स्वतः जाऊन बघितली. काहीही बिघडलेलं नाही.”

सहायिका छताकडे बघायला लागली.

“असा माणूस मोकळा फिरतोय म्हणजे माझी झोप गेली,” बाई पुढे म्हणाल्या. “त्याला शोधायला त्याच्याइतकंच संशयी डोकं पाहिजे. आणि ते या कारखान्यात एकाच माणसाकडे आहे. तो सापडेपर्यंत तुमच्यावाचून माझं पान हलणार नाही. कळलं? चाचणी नाही, बदली नाही, काही नाही. फक्त त्याला शोधा.”

काकांनी बाईंच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. बाईंना सगळं ठाऊक आहे का काहीच ठाऊक नाही, हे त्यांना सांगता येईना. आयुष्यभर संशय घेण्यात मुरलेला माणूस, पण या चेहऱ्यापुढे त्यांची मती गुंग झाली.

“सोपा नाही तो,” ते कसेबसे म्हणाले. “वेळ लागेल.”

“लागू दे,” बाई म्हणाल्या.

“मी मदत करीन सर,” सहायिका गंभीरपणे म्हणाली. “निवृत्तीपर्यंत सापडेल बहुतेक.”

संध्याकाळी काकू दार उघडताच म्हणाल्या, “काय झालं? राहिली ना नोकरी?”

“राहिली. फोन करणाऱ्या त्या माणसाला पकडेपर्यंत माझ्यावाचून त्यांचं चालणार नाही म्हणे.”

काकूंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. “आमचे शेठ परवा विचारत होते, दुर्बिणीच्या काचेवर मफलरचे धागे कसे आले म्हणून,” त्या म्हणाल्या.

“तू काय सांगितलंस?”

“मी काय सांगणार? पुसून टाकले,” काकू म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या. “पण त्या माणसाला आता जरा जपा हो. तो फिरतोय तोवरच तुम्ही आहात.”